पोरं परदेशात, धावपळ नाशकात: मदतीच्या कामात परत उतरणाऱ्यांसाठी

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा आम्ही आठ-दहा जणी पंचवटीतल्या एका शाळेत पोळ्या लाटत बसलो होतो. पुढे करोनात डबे पोचवले. मग सासूबाईंना पक्षाघात झाला आणि साडेतीन वर्षं मी या कामाकडे फिरकले नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर परत आले, तर काम ओळखू येईना. ब्लँकेट, डबे, रक्ताची पिशवी हे होतंच. पण ‘मुलगा जर्मनीला आहे, खोली मिळत नाहीये’, ‘मुलगी लंडनला आहे, चार दिवस फोन उचलत नाही’, असे फोन जवळजवळ रोज. आणि ग्रुपमध्ये कुणालाच धड माहीत नव्हतं की करायचं काय.

मी जन्मभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. परदेश म्हणाल तर काठमांडूच्या पुढे गेलेले नाही. तरी हे काम जमलं, कारण त्यातलं निम्म्याहून जास्त काम परदेशात नसतंच. ते इथे असतं, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर पसरलेल्या झेरॉक्सच्या ढिगात. तुम्हीही काही वर्षांच्या खंडानंतर परत येत असाल आणि हे काम अंगावर आलं असेल, तर मी जिथे ठेचकाळले ते सांगते.

१. परत आल्यावर पंधरा दिवस नुसतं बसा

जुनी जागा मागू नका. आपण नव्हतो तेव्हा ज्यांनी गाडा ओढला, त्यांची काही पद्धत बसलेली असते. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य मी पहिल्याच बैठकीत तीनदा बोलले आणि तिसऱ्या वेळी समोरची मुलगी वही मिटून उठून गेली.

घरी आणि ग्रुपला दोन्हीकडे वेळ सांगून टाका. माझी मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हो म्हणणारा माणूस तिसऱ्या महिन्यात दिसत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

२. आपली हद्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा

आमच्या पानावर चार गोष्टी आहेत. कॉलेज कुठलं निवडायचं हे आपण सांगायचं नाही. व्हिसाच्या कायद्यावर मत द्यायचं नाही. कुणाचे पैसे आपल्या खात्यातून फिरवायचे नाहीत. आणि कर्जाला जामीन राहायचं नाही.

चौथ्यावर जरा थांबते. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण-जामीन काही लागत नाही. चार ते साडेसात लाखांत काही बँका तिऱ्हाईत माणसाचा जामीन मागतात आणि त्याच्या वर बहुतेक ठिकाणी तारण. मग ‘ताई, तुम्ही सरकारी पेन्शनवाल्या, एक सही द्या’ असा आग्रह होतो. आमच्यातल्या एकाने भिडेखातर ती सही दिली. मुलाला तिकडे नोकरी उशिरा लागली, हप्ते थकले, आणि यांना स्वतःच्या घरदुरुस्तीचं कर्ज मिळेना. पोरगं वाईट नव्हतं, पण सही ती सही. नाही म्हणायला जीभ अडखळत असेल तर ते पान पुढे करा, ‘ग्रुपचा नियम आहे’ म्हणा.

एजंटांबद्दलही एक सांगून ठेवते. कॉलेज रोड, गंगापूर रोडला कन्सल्टन्सींच्या पाट्यांना तोटा नाही. त्यातले काही चोख काम करतात. पण बऱ्याच ठिकाणी परदेशातलं कॉलेज दर विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतं, त्यामुळे ‘फुकट सल्ला’ कुठल्या कॉलेजकडे झुकतो ते आई-वडिलांना समजावून सांगा. त्यापुढे निवड त्यांची.

३. निघण्याआधीची फाइल: घोडं नावापाशी पेंड खातं

माझी कारकुनी इथे कामी आली. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आधारवर तिसराच क्रम. तिकडच्या कॉलेजात अर्ज भरताना पोरं मार्कशीट समोर ठेवतात आणि ‘पहिलं नाव’ या रकान्यात आडनाव लिहून मोकळी होतात. मग प्रवेशपत्र एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या, आणि बँकेतली बाई विचारते की हे दोघं भाऊ का?

कुणी फाइल घेऊन आलं की मी आधी दुसरं काही बघत नाही. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट, एकाखाली एक उतरवते. ‘दीपक’ला दोन ई आहेत की एक आय, ‘चौधरी’च्या शेवटी आय की वाय, सगळं. दहा मिनिटांत कळतं की कुठे दुरुस्ती लागेल, कुठे ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र चालेल, आणि कुठे राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागेल. पासपोर्टचा आडनावाचा रकाना कोरा असेल तर ते आधी निस्तरा. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी मुलाचं अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं येतात. मग ती अक्षरं पोराच्या मागे लागतात, बँकेपासून लायसनपर्यंत.

फाइलमध्ये एवढं असावं:
- पासपोर्ट, आणि त्याच्या दोन झेरॉक्स घरी
- जन्मदाखला (शहरात जन्म असेल तर महापालिकेचा, इंग्रजी मजकुरासह)
- दहावी, बारावी, पदवीच्या मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला
- विद्यापीठाच्या शिक्क्याचे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा), बंद पाकिटात आणि डिजिटल, दोन्ही
- प्रवेशपत्र, व्हिसाची प्रत, विम्याचा कागद
- कर्जमंजुरीचं पत्र
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह
- आई किंवा वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी), नोटरी केलेलं

ट्रान्सक्रिप्टचं आधीपासून बघा. नाशिकची बरीच कॉलेजं पुणे विद्यापीठाशी जोडलेली, म्हणजे कागद पुण्याहून येणार. जर्मनीला जायचं तर १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद खरे आहेत हे तपासून मिळणारं) लागतं, त्यासाठी पुन्हा हेच कागद. जुलैत जागं होणाऱ्याला सप्टेंबर गाठता येत नाही.

कुलमुखत्यारपत्राला पोरं हसतात. पण मुलगा तिकडे गेल्यावर इथे कर्जाच्या कागदावर त्याची सही लागली, किंवा कॉलेजातून पदवी प्रमाणपत्र उचलायचं झालं आणि हे पत्र नसलं, की मग तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन करा, कुरियर करा, सगळी वरात.

डॉक्टरकीला जाणाऱ्यांचं गणित निराळं. नीट परीक्षेत पात्र ठरलेलं हवंच. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असलेला पाहिजे. नाहीतर परत आल्यावर इथे नोंदणीची दारं बंद. फी भरण्याआधी कॉलेजकडून या तीन गोष्टी लेखी मागवायला सांगा.

शिष्यवृत्तीचं विचारायला येणारे अनुसूचित जमातीतले असतील तर त्यांना मुंबईला पिटाळू नका. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच गावात, गडकरी चौकाजवळ आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती समाज कल्याण खात्याकडून मिळते. दोन्हीकडे जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा सेतूची फेरी जाहिरात निघण्याआधीच मारून ठेवलेली बरी.

४. पैसे जायचा रस्ता

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची शेतकरी कुटुंबं हल्ली बरीच येतात. सातबारा घट्ट धरून बसतात, बँक म्हणते तारणाला शेतजमीन नको, बिनशेती प्लॉट किंवा घर आणा. उत्पन्न आहे पण प्राप्तिकराचं विवरणपत्र नाही. त्यांना सांगा, मुलगा अकरावीत असतानाच विवरणपत्र भरायला लागा, शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दाखवा, आणि बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या जपून ठेवा. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एका अर्जात तीन बँकांकडे जाता येतं. एकाच शाखेच्या पायऱ्या झिजवू नका.

परदेशी पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो. त्यात कारण ‘शिक्षण’ हेच लिहा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) कापत नाहीत. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर तो मुळीच लागत नाही. दहा लाखांपुढच्या रकमेवर कापला गेला तर विवरणपत्र भरून परत मिळतो. विवरणपत्रच न भरणाऱ्याचे ते पैसे अडकून राहतात. टीसीएसचा दर बजेटमध्ये बदलू शकतो, तो त्या दिवशी बँकेतच विचारायचा.

इंग्लंडच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. एका काकांनी पंचविसाव्या दिवशी बागेच्या मजुरीला पैसे काढले होते. ते खातं वेगळं ठेवा, त्याचं एटीएम कार्ड कपाटात टाका.

आता सगळ्यात मोठा खड्डा. तिकडे एखादा मराठी मुलगा म्हणतो, ‘मी तुला इथे युरो देतो, तू माझ्या घरी सातपूरला रुपये पोचते कर, बँकेचा खर्च वाचेल.’ दोघांनाही वाटतं आपण हुशार. हा सरळ हवाला आहे आणि परकीय चलनाच्या कायद्याने बेकायदा. तसंच, ‘तुझं खातं दोन दिवस वापरू दे, शंभर युरो देतो’ म्हणणारे भेटतात. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. हे निघण्याआधी पोराला समोर बसवून सांगा. फोनवर सांगितलेलं ते ऐकत नाहीत.

५. पहिला महिना

गेल्या ऑक्टोबरात निफाडच्या एका आईने मला फोनचा पडदा दाखवला. मुलाच्या जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटवर ११,९०४ युरो. ‘ताई, एवढा पैसा त्याच्या नावावर आहे आणि पोरगं म्हणतं ब्रेड खाऊन झोपलो. खोटं बोलतंय का?’

खोटं बोलत नव्हता. ते पैसे महिन्याला ९९२ युरो असे सुटतात, तेही तिथे साधं बँक खातं उघडून जोडल्यावर. त्याच्या बँकेने शहरात राहत असल्याच्या नोंदणीचा कागद मागितला होता. नोंदणीला घरमालकाचं पत्र लागतं. आणि हा एका मित्राच्या खोलीत, घरमालकाला न सांगता, जमिनीवर झोपत होता. व्हिडिओ कॉलवर मागे हीटरवर वाळत घातलेले मोजे दिसत होते आणि तो सारखा डावीकडे बघत होता, कारण मित्र तिथेच बसला होता. मी त्याला म्हटलं, बाळा, बाहेर जाऊन फोन कर. बाहेर गेल्यावर सगळं बोलला.

आम्ही काय केलं? पैसे नाही पाठवले. त्याच्या युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस असतं, तिथे सकाळी उघडायच्या वेळेला जाऊन उभं राहायला सांगितलं. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून दिलं. त्याच गावातल्या दोन वर्षं सीनियर असलेल्या सिन्नरच्या मुलीला त्याच्या सोबत जायची गळ घातली. त्यांनी हॉस्टेलात तात्पुरती खोली दिली, पत्र दिलं, नोंदणी झाली, खातं उघडलं. एकोणीस दिवस गेले. तोवर ती सिन्नरची मुलगी त्याला जेवायला बोलवत होती.

तेव्हापासून निघणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा ठेवा. पहिल्या महिन्याची राहायची सोय पत्र देणाऱ्या ठिकाणीच करा. आणि फोटो बघून अनामत पाठवू नका. खोली बघितल्याशिवाय घेतलेली अनामत परत मिळवायला तिकडे आपलं कुणी नसतं.

नोकरीचे तासही विचारून घ्यायला लावा. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. इंग्लंडमध्ये पदवीच्या मुलांना टर्म चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास. हॉटेलवाला रोखीने जास्त तास देतो म्हणून पोरं भुलतात, व्हिसा मात्र पोराचा जातो.

स्थानिक मराठी मंडळं कामी येतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी गावोगावची मंडळं जोडलेली आहेत. फक्त अडचणीच्या रात्री पहिल्यांदा फोन करू नका, गणपतीला आधी ओळख करून ठेवायला सांगा.

६. रात्री फोन आला तर

आधी तिकडचा आपत्कालीन नंबर: जर्मनीत ११२, इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. इथून तो लागत नाही, तो त्या मुलाने किंवा शेजारच्याने फिरवायचा असतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या नावासमोर वहीत तिकडच्या दोन माणसांचे नंबर हवेत, त्यातला एक खोलीच्या जवळ राहणारा.

मग भारतीय वकिलात. जर्मनीत बर्लिनला वकिलात आणि फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास. कुठलं राज्य कुणाकडे ते ठरलेलं असतं, तेव्हा आपल्या मुलाचं ऑफिस कोणतं हे आधीच लिहून ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार इथून आई-वडीलही टाकू शकतात. तिचा नंबर मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. घरची परिस्थिती खरोखर बेताची असेल तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. मृतदेह मायदेशी आणण्यासाठीसुद्धा त्यातून मदत होते. हे मला एकदाच करावं लागलं. त्या वेळी वडिलांना घेऊन बसणं हेच आमचं काम होतं, कागद वकिलातीने केले.

खोटे फोनही येतात. ‘तुमच्या मुलाला इथे अटक झालीय, सोडवायला लगेच पैसे टाका.’ मागे कुणीतरी रडत असतं. फोन ठेवा, मुलाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा, नाही लागला तर वहीतल्या दोन माणसांना. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. इंदिरानगरच्या एका आजोबांनी पैसे पाठवायच्या आधी मला फोन केला, एवढ्यावर निभावलं. मुलगा तेव्हा लायब्ररीत होता आणि फोन सायलेंटवर.

७. ग्रुपवर काय टाकायचं नाही

ही माझी चूक. एक मुलगी दोन विषयांत नापास झाली आणि खचली होती. तिला त्या गावात कुणी ओळखीचं भेटावं म्हणून मी आमच्या मोठ्या ग्रुपवर टाकलं. नाव लिहिलं नव्हतं, पण गाव, कॉलेज, वर्ष लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या मामांपर्यंत पोचलं. मामांनी तिच्या आईला विचारलं, आईला काहीच माहीत नव्हतं. त्या मुलीने पुढे माझा फोन कधी उचलला नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे ती गेली एवढं दुसरीकडून कळलं.

आता पासपोर्टचे फोटो, निकाल, आजारपण ग्रुपवर येत नाही. एक मूल, एक कार्यकर्ता. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी मुलाला विचारून. मूल अठराच्या पुढचं आहे, आई-वडिलांना काय कळवायचं हेही त्यालाच विचारा. जिवाला धोका वाटला तरच हा नियम मोडायचा. घरचे हवालदिल झाले असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ त्यांच्यासाठीही आहे.

८. वर्गणी काढायची वेळ आली तर

टाळता आली तर टाळा. नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. आणि गोळा केलेला पैसा बँकेतून परदेशी पाठवणं ग्रुपला सहज जमत नाही, ती सोय व्यक्तीसाठी आहे. आम्ही इथेच भागेल ते करतो, परतीचं तिकीट काढून देणं किंवा विम्याचा हप्ता, आणि पावती ग्रुपवर.

तिकडे स्थिरावलेली आपली पोरं पैसे पाठवू म्हणतात. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून देत असतील तर तो परकीय निधी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तो परकीय निधी, त्याला एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर आभार मानून नको म्हणा. आम्ही अशांना एकच मागतो: नवीन पोरगं उतरेल त्या दिवशी स्टेशनवर जा.

९. वेळेचं कोष्टक

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा. जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. इंग्लंड साडेचार आणि साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोज नऊला फोन करतो, आज केला नाही’ म्हणून किमान दोन आयांचे फोन मला येतात. हल्ली मी शनिवारीच मेसेज टाकून ठेवते.